वजन घटले तरी भूक का वाढते?

म्हैसूर : येथील चेलुवांबा वाड्यात १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा देशापुढे प्रश्न होता पोट भरण्याचा. भुईमूग व हरभरा यांच्या पिठांपासून पूरक पौष्टिक अन्न आणि म्हशीच्या दुधापासून बालान्न ही संस्थेची त्या काळातील कामे. आज प्रश्नाला दुसरी बाजूही आली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिला व सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे.

अशा व्यक्तींना ‘जिभेवर ताबा ठेवा’ असे सर्रास सुनावले जाते. भुकेचे शरीरशास्त्र मात्र इतके सरळ नाही. पोट रिकामे असताना जठरातून ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक स्रवते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमसला भुकेची वर्दी देते. जेवण सुरू झाल्यावर जठराच्या भिंतीवर येणारा ताण वेगस या चेतातंतूमार्फत मेंदूला कळतो. या चेतातंतूतील बहुसंख्य धागे मेंदूची आज्ञा खाली आणणारे नसून पोटातील खबर वर नेणारे आहेत. त्याच वेळी आतड्यातील पेशी ‘जीएलपी-१’ हे संप्रेरक सोडतात. त्यामुळे इन्सुलिनचे स्रवण वाढते, जठर सावकाश रिकामे होते आणि तृप्ती जाणवते. परंतु रक्तात ते जेमतेम दोन मिनिटे टिकते. सध्या गाजत असलेले सेमाग्लुटाइड हे औषध म्हणजे याच संप्रेरकाची टिकाऊ प्रतिकृती. म्हणूनच त्याचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा पुरते.

आहाराचाही या संवादात वाटा आहे. म्हैसूर परिसरातील रागी मुद्दे असो वा कोकणातील नाचणीची भाकरी, त्यांतील तंतुमय भाग न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जिवाणू तो आंबवून लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात आणि ही आम्ले जीएलपी-१ स्रवणाऱ्या पेशींना चेतवतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. अर्थात, नाचणी खाल्ली की वजन उतरले, असा हिशेब मांडणे घाईचे ठरेल.

खरी अडचण वजन घटल्यानंतर सुरू होते. ऑस्ट्रेलियात अत्यल्प उष्मांकाच्या आहाराने वजन कमी केलेल्या व्यक्तींची वर्षभराने तपासणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घ्रेलिन तेव्हाही वाढलेलेच आणि तृप्तीची काही संप्रेरके घटलेलीच आढळली. भूकही पूर्वीपेक्षा अधिक होती. सेमाग्लुटाइड बंद केलेल्या रुग्णांमध्येही वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे दिसले आहे.