एका नकाराचा मान

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात, शेजारच्या लेखा गावाच्या नावासह सर्वत्र परिचित झालेल्या मेंढा या लहानशा गोंड गावी, सरकारशी मतभेद करण्याचे काम गेली कित्येक दशके अखंड चालू आहे. आणि ते काम बव्हंशी जमिनीवर बसून, अत्यंत सावकाश बोलण्याचे आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा पुष्कळांच्या कानांवर गेलेली असते. ज्या बैठकांनी तिला अर्थ दिला त्या मात्र फार थोड्यांनी पाहिल्या असतील.

दिवसाची कामे आटोपली की माणसे एकेक करून जमू लागतात. बायकाही येतात, लेकरे कडेवर घेऊन, आणि मागे न राहता पुरुषांच्या बरोबरीने मधोमध बसतात. आरंभी विषय असा नसतोच: यंदा मोहफुले कशी पडली, कोणाचा बैल लंगडतो, तालुक्याला गेलेल्याला कचेरीत किती वेळ उभे केले. आपसांत गोंडी आणि पाहुण्याशी मराठी, असे हे संभाषण दोन भाषांतून वाहत असता केव्हातरी बांबूची गोष्ट निघते, आणि ती निघाल्यावरही कोणाचा स्वर चढत नाही. मी पाहिलेल्या एका बैठकीत बांबूच्या तोडणीसाठी गाड्या कोणत्या वाटेने न्याव्यात एवढाच प्रश्न होता. जवळची वाट जवळजवळ सर्वांना मान्य झालेली असताना एक वृद्ध स्त्री म्हणाली, “मले हे पटत नाही.” त्या वाटेवरच्या बेटांतून यंदाचे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, नुकतेच वर आले होते, आणि गाडीचे चाक त्यांवरून एकदा गेले की ते बेट त्या वर्षापुरते खुंटले, असे तिचे म्हणणे होते. शहरातल्या कोणत्याही सभेत हात वर करवून हा कज्जा क्षणार्धात निकालात निघाला असता. येथे हात वर झाले नाहीत. विषय तेथेच थांबला, आणि पुढच्या बैठकीपूर्वी काही जणांनी ती वाट पायी चालून पाहावी असे ठरले.

मतमोजणी न करता सर्वसहमतीनेच निर्णय घ्यावयाचा, आणि एकाचाही विरोध असेल तोवर निर्णय झाला असे मानावयाचे नाही, हा या ग्रामसभेचा दंडक आहे. त्याच्या जोडीला तेथे अभ्यास गट आहेत: ज्याला एखाद्या प्रश्नाचे कुतूहल आहे त्याने यावे, बाहेरच्या जाणकारासही बोलवावे, कायद्याचे कलम वाचावे, शंका काढाव्यात, निर्णय मात्र तेथे करावयाचा नाही, तो ग्रामसभेचा अधिकार. मधाच्या अभ्यासातून आग्या मोहोळाचा केवळ मध साठलेला भाग कापून अंड्या-अळ्यांचा भाग फांदीवर तसाच राखण्याची रीत तेथे रुजली, ती अशाच बोलण्यातून. माझ्या मते जाणण्याचे स्थान आणि ठरविण्याचे स्थान वेगळे राखण्याची ही व्यवस्था त्या गावाच्या सर्व कर्तृत्वाचे मूळ आहे. कारण उद्या निकाल लावावयाचा आहे या धाकाखाली माणूस आपले अज्ञान मोकळेपणाने उघड करीत नाही.

या संयमाला संघर्षाची पार्श्वभूमी आहे. जमीनदारीच्या अमलापासून जंगलावर गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगल वापरण्याचे हक्क, होते. पुढे जंगलखात्याच्या हुकुमांनी त्यांचा संकोच होत गेला. 1980 नंतरच्या दशकात गावाने परंपरेप्रमाणे सागाच्या लाकडाचा घोटुल, म्हणजे गावच्या तरुणांचे सामूहिक घर, बांधला, तो खात्याने मोडून लाकूड जप्त केले, तेव्हा परिसरातील गावे एकत्र आली, घोटुल पुन्हा उभा राहिला, आणि इतर गावांनीही आपापले घोटुल बांधले. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क गावास मिळाला. तरीही बांबू हे झाड आहे, गौण वनोपज नव्हे, या सबबीवर वाहतुकीचा परवाना नाकारला जात होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती दिले. ज्या दप्तरातून परवाना नाकारला जाई, त्याच दप्तराचा अधिकार आता बैठकीत बसणाऱ्यांकडे आला.

ही पद्धत वेळ फार खाते, यात संशय नाही. कित्येकदा एक प्रश्न महिनोन्‌महिने लोंबकळतो, आणि तोवर बाजारभाव वाट पाहत नाही. परंतु सत्तेला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य ज्या समाजाला टिकवावयाचे आहे, त्याने प्रथम आपल्याच माणसाच्या ‘नाही’ला घरात बसावयास जागा दिली पाहिजे, हे मला या लोकांनी शिकविले. ज्या चळवळी आपल्या मेळाव्यात मतभेद सहन करू शकत नाहीत त्यांचा सरकारशी असलेला मतभेद किती दिवस टिकेल, याची मला नेहमी चिंता वाटत आली आहे.

पुढच्या बैठकीत वाट पाहून आलेल्यांनी आपले निरीक्षण सांगितले: वृद्धेचे म्हणणे खरे होते, पण नाल्याच्या पलीकडून वळसा घेतल्यास कोंबांना धक्का न लागता गाड्या जाऊ शकत होत्या. तिने दोन प्रश्न विचारले, उत्तरे ऐकून होकार दिला, आणि मग वळशाचा जादा भाडेखर्च कोणी सोसावयाचा यावर चर्चा सुरू झाली.