त्रिकोण उशिरा दिसला म्हणून…

‘डोळ्यांच्या चाचणीतून डिमेन्शिया १२ वर्षं आधी कळतो’ अशा बातम्या २०२४ मध्ये सगळीकडे झळकल्या. आईवडिलांची चाचणी कुठे करून मिळेल, असं लोक लगेच विचारू लागले.

मूळ अभ्यास इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या ८,६२३ निरोगी माणसांचा. चाचणीत पडद्यावर ठिपके हलत असतात. त्यांतून त्रिकोण तयार होताना दिसला की बटण दाबायचं. पुढच्या काळात यांपैकी ५३७ जणांना, म्हणजे शंभरात साधारण सहा जणांना, डिमेन्शिया झाला. या गटाला त्रिकोण ओळखायला सरासरीने जास्त वेळ लागला होता. बातम्यांतून नेमका ‘सरासरी’ हाच शब्द गळला. एखाद्याचं बटण उशिरा दाबलं जाण्यामागे वय, अपुरी झोप, मोतीबिंदू, पडद्याची सवय नसणं, असं काहीही असू शकतं. हा अभ्यास करणाऱ्या लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनीही ही चाचणी इतर चाचण्यांच्या जोडीनेच वापरावी, असं सुचवलं आहे.

दुसरा घोळ असा, की ही चाचणी डोळ्यांची समजली जाते. चष्म्याचा नंबर अगदी बरोबर असूनही माणूस यात अडखळू शकतो. डोळ्यांनी टिपलेल्या तुकड्यांची जुळणी मेंदू कशी करतो, हे इथे पाहायचं असतं. डिमेन्शियाच्या तपासणीत कागदावर घड्याळ काढायला सांगतात, त्यामागेही तेच. ‘अकरा वाजून दहा मिनिटं’ ही वेळ मुद्दाम दिलेली असते. मिनिटकाटा हवा २ वर, पण ‘दहा’ ऐकून हात जातो १० च्या आकड्याकडे. हा मोह आवरण्याचं कामही मेंदूचंच.

पण ज्या आजीने जन्मात कधी पेन्सिल धरली नाही, तिचं घड्याळ वाकडं आलं तर त्यातून काय निष्कर्ष काढणार? ‘मोका’ या प्रचलित चाचणीत कमी शिकलेल्यांना एक गुण जास्त देतात. आपल्याकडच्या कित्येक आजीआजोबांसाठी तो अगदीच तुटपुंजा आहे. त्यांच्या बाबतीत घरच्यांना विचारलेले प्रश्न जास्त उपयोगी पडतात: पूर्वी सहज जमणारं कोणतं काम आता जमत नाही?

आणि डिमेन्शियाची सुरुवात नेहमी विसरण्यापासूनच होते, हेही खरं नाही. मेंदूविकारतज्ज्ञ फ्रँक बेन्सन यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेल्या एका प्रकारात मेंदूचा मागचा भाग आधी झिजतो. स्मरण बरं असतं, पण ओळ वाचताना सुटते, समोरची वस्तू सापडत नाही, पायरीचा अंदाज चुकतो. असे रुग्ण बरेचदा आधी चष्मेच बदलत राहतात. लेखक टेरी प्रॅचेट यांना हाच प्रकार झाला होता. २००७ मध्ये त्यांनी तो जाहीर केला आणि पुढची पुस्तकं सांगून लिहवून घेतली.

म्हणून डोळ्यांकडे दुर्लक्ष करायचं असंही नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ घटकांत उपचार न केलेला दृष्टिदोष घातला. तेव्हा ‘मोतीबिंदू अजून पिकू दे’ म्हणत बसू नये. पिकण्याची वाट पाहण्याची गरज आताच्या शस्त्रक्रियेत उरलेली नाही.