तीन बटणं दाबली, चौथं कुठून आलं?

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत प्रोजेक्टचं सामान घ्यायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिशवीत ४ × ४चा कीपॅड हमखास असतो. सोळा बटणं, आठ वायरी : चार आडव्या ओळींच्या (रो), चार उभ्या (कॉलम). ही जाळी म्हणजेच मॅट्रिक्स. एकेक बटण दाबलं की सगळं सुरळीत. दोन-तीन एकदम दाबली की गोंधळ. मग ‘मालच डुप्लिकेट’ म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. तो बिचारा बहुधा निर्दोष असतो.

गैरसमज : मॅट्रिक्समध्ये एका वेळी एकच बटण वाचता येतं.
कुठलीही दोन बटणं साध्या मॅट्रिक्समध्येही बिनचूक ओळखता येतात. अडतं ते प्रोग्रॅममध्ये. आर्डुइनोच्या प्रचलित कीपॅड लायब्ररीतलं ‘गेटकी’ एकच बटण सांगतं. तिच्यातलंच ‘गेटकीज’ दहापर्यंत बटणांची नोंद ठेवतं. स्वतः कोड लिहिणारे पहिलं बटण सापडताच लूपमधून बाहेर पडतात. चारही रो शेवटपर्यंत वाचा आणि प्रत्येक बटणाला एक बिट द्या.

गैरसमज : स्कॅनिंगचा वेग वाढवला की खोटी बटणं जातात.
स्कॅनिंग म्हणजे एकेक रो ‘लो’ करून कॉलम वाचणं. खोटं बटण मात्र वायरिंगमधून येतं. १, २ आणि ४ एकदम दाबा. ५ला हात न लावताही ते दाबलेलं दिसेल. दुसरी रो ‘लो’ केली की ४मधून पहिला कॉलम ‘लो’ होतो, १मधून पहिली रो आणि २मधून दुसरा कॉलम. मायक्रोकंट्रोलरला वाटतं, ५ दाबलंय. याला घोस्टिंग म्हणतात. आयताचे तीन कोपरे दाबले की चौथा उगवणारच, चिप कितीही महाग असो. प्रोग्रॅम फार तर अशा वेळी ‘खात्री नाही’ म्हणून ते वाचन सोडून देऊ शकतो. खरं-खोटं निवडू शकत नाही.

उपाय म्हणजे प्रत्येक बटणामागे १एन४१४८ हा डायोड. डायोड म्हणजे वन-वे, फक्त पुण्यातल्यासारखा नाही. हा पाळला जातो. कॉलमला पुल-अप असेल आणि रो ‘लो’ करत असाल, तर डायोडवरच्या पट्ट्याची बाजू रोकडे.

इथे काटकसर नडते. ‘चार रोंना चार डायोड पुरेत’ असं पुष्कळांना वाटतं. त्या चार डायोडांनी दोन आउटपुट पिना एकमेकींवर शॉर्ट होणं तेवढं टळतं. ते काम तर न वाचल्या जाणाऱ्या रो इनपुट मोडमध्ये ठेवूनही फुकटात होतं. घोस्टिंग जसंच्या तसं राहतं, कारण आडवाटेचा प्रवाह मॅट्रिक्सच्या आतूनच फिरतो.

तयार मेम्ब्रेन कीपॅडच्या पोटात डायोड घालायला जागा नसते. पासवर्डच्या कुलपासाठी तो उत्तम, उगाच खर्च करू नका. पण इलेक्ट्रॉनिक पेटी बनवून सा-ग-प एकदम वाजवायचे असतील, तर सुटी बटणं घ्या आणि प्रत्येकाला डायोड लावा. नाहीतर मॅट्रिक्सच सोडा : ७४एचसी१६५ हे दोन शिफ्ट रजिस्टर, सोळा पुल-अप रेझिस्टर आणि मायक्रोकंट्रोलरच्या तीन पिना, एवढ्यात सोळाही बटणं स्वतंत्रपणे वाचता येतात.