शरीफाबाद (यझ्द प्रांत)

शरीफाबाद हे इराणच्या यझ्द प्रांतातील, अर्दकान शहरालगतचे एक जुने खेडे आहे. इराणमधील झरथुष्ट्री धर्माच्या जतनात या लहानशा गावाचा वाटा फार मोठा आहे.

स्थान
हे गाव यझ्द शहराच्या वायव्येस, वाळवंटाच्या कडेला वसलेले आहे. येथे पाऊस अत्यल्प पडतो. पारंपरिक शेती कनातांवर, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून उताराने पाणी आणणाऱ्या लांब बोगद्यांवर अवलंबून होती.

इतिहास
इ.स. ६५१ मध्ये शेवटचा सासानी सम्राट तिसरा यझ्दगर्द मारला गेला. पुढील शतकांत इराणमध्ये इस्लामचा प्रसार झाला आणि झरथुष्ट्री समाज मुख्यतः यझ्द व केरमान यांच्या आसपास उरला. मध्ययुगात या समाजाचे प्रमुख धर्मगुरू शरीफाबाद व शेजारचे तुर्काबाद येथे राहत असत. मोठ्या शहरांपासून दूर असलेली ही खेडी पवित्र अग्नी आणि ग्रंथपरंपरा यांच्या दृष्टीने अधिक सुरक्षित होती.

मुसलमानेतर म्हणून या समाजाला जिझिया कर भरावा लागे. घोड्यावर बसणे, रंगीत वस्त्रे वापरणे, उंच घरे किंवा हवा खेळवणारे मनोरे (बादगीर) बांधणे यांवरही यझ्द परिसरात निर्बंध होते.

भारताशी संबंध
इ.स. १४७८ मध्ये गुजरातेतील पारशांचा दूत नरिमान होशंग याच्याबरोबर येथील धर्मगुरूंनी धार्मिक शंकांची उत्तरे देणारे पत्र भारतात पाठवले. ‘रिवायत’ या नावाने ओळखला जाणारा हा पत्रव्यवहार अठराव्या शतकापर्यंत चालला. पुढे मदतीचा ओघ उलट दिशेने वाहू लागला. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हतारिया यांना इराणला पाठवले. त्यांनी शाळा काढल्या, शरीफाबादसह काही ठिकाणी नवे दख्मे बांधवले आणि जिझिया रद्द व्हावा म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले. तो १८८२ मध्ये रद्द झाला.

धार्मिक जीवन
इंग्रज विदुषी मेरी बॉइस १९६३-६४ मध्ये या गावात राहिल्या. तेथे पाहिलेले सण, शुद्धिविधी आणि अग्निपूजा यांचे वर्णन त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. शहरांत लोपलेल्या अनेक चाली येथे टिकून असल्याचे त्यांना आढळले. गावकऱ्यांनी जुनी कदीमी कालगणनाही सोडलेली नव्हती. या भागातील डोंगरात पीर-ए-सब्ज हे तीर्थस्थान आहे. कड्यातून ठिबकणाऱ्या पाण्यामुळे त्याला ‘चकचक’ असेही म्हणतात. यझ्दगर्दाची कन्या निकबानू शत्रूंपासून पळताना येथील खडकात गुप्त झाली, अशी आख्यायिका आहे. जून महिन्यात येथे यात्रा भरते.

लोकसंख्या
हतारिया इराणला पोहोचले तेव्हा देशभरात सुमारे सात हजार झरथुष्ट्री होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या २५,२७१ नोंदली गेली. देशातील संख्या वाढली, तरी यझ्दची खेडी ओस पडत गेली. या भागातील अनेक कुटुंबे एकोणिसाव्या शतकापासून मुंबईस आली. मुंबई-पुण्यातील इराणी उपाहारगृहे चालवणाऱ्यांत त्यांचे वंशज आहेत. विसाव्या शतकात तेहरान व पुढे उत्तर अमेरिका यांकडे स्थलांतराचा ओघ वळला. जिझियाच्या काळातही टिकलेल्या या परंपरेपुढे निर्बंध उठल्यानंतर वेगळाच प्रश्न उभा राहिला: अग्नी सांभाळण्यासाठी गावात माणसे किती उरतील?