ऐकण्याची गोष्ट, लेखांक ७ : आवाज वाढला की गाणं बदलतं

यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल, असं इथला माणूस छातीठोकपणे सांगतो. ते मोजायला कोणी बसलेलं नाही. पण त्या नऊ दिवसांत दारव्हा, घाटंजी, कळंब, बाभूळगावकडची खेडी संध्याकाळ झाली की शहरात उतरतात, एवढं खरं. याच दिवसांत देवीचं एकच गाणं एकाच घरातल्या माणसांच्या कानावर तीन तऱ्हांनी पडतं. सकाळी स्वयंपाकघरात मोबाइलवर, दुपारी देवळावरच्या भोंग्यातून आणि विसर्जनाच्या रात्री ट्रकवर रचलेल्या डीजेतून. गायिका तीच, चाल तीच, शब्दही तेच. तरी मोबाइलवर ते भजन असतं, भोंग्यावर गाणं होतं आणि डीजेवर नुसता नाच. हा फरक श्रद्धेचा, वयाचा किंवा संगतीचा, असं आपण धरून चालतो. त्यातला बराचसा कानाचा आहे.

मागच्या आठवड्यात डेसिबलचा हिशेब पाहिला. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. ऐकणाऱ्याला ‘दुप्पट झाला’ असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट. शेजारच्या मंडळावर मात करायला भाड्याचा खर्च दुप्पट करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आजचा प्रश्न त्यापुढचा : आवाज वाढवल्यावर गाण्याच्या आत काय हलतं?

१९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी माणसांना वेगवेगळ्या उंचीचे साधे स्वर ऐकवले. प्रत्येक स्वर १००० हर्ट्झच्या स्वराइतकाच मोठा वाटण्यासाठी किती जोराने वाजवावा लागतो, हे त्यांनी नोंदवलं. कान सगळ्या स्वरांशी सारखा वागत नाही, असं त्यातून दिसलं. आवाज हळू असला की खालच्या, खर्जाच्या बाजूला तो जवळजवळ बहिराच असतो. आज जे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात त्यातले आकडे बघा. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर असेल, तर ५० हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा वाटायला सुमारे ७८ डेसिबल लागतात. पहिला स्वर ८० वर नेला, तर दुसऱ्याला सुमारे १०२ पुरतात. अंतर ३८ वरून २२ वर आलं. आपण बटण एकच फिरवतो, सगळं सारखंच वाढवतो. कानात मात्र खर्ज बाकीच्यांपेक्षा भराभर वर येतो.

म्हणून हळू लावलेल्या तबल्यात चाटीवरचे बोल तेवढे ऐकू येतात, बायाँ नसल्यासारखा. ढोलकीची शाई ऐकू येते, धुमा हरवतो. तानपुऱ्याचा खर्ज जातो आणि गायक अधांतरी गातोय असं वाटतं. जुन्या टेपरेकॉर्डर-अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं एक बटण असायचं. ते काय करतं हे न कळता आपण ते कायम दाबून ठेवायचो. हळू आवाजात हरवलेला खर्ज थोडा उचलून द्यायचा, एवढंच त्याचं काम होतं. ज्याला गाणं हळू ऐकवत नाही, त्याला सरसकट अडाणी ठरवू नये, असं मला यावरून वाटतं. गाण्याचा खालचा मजला त्याला खरोखरच दिसत नसतो. शिवाय स्टुडिओत गाण्याची अखेरची जुळवाजुळव करताना आवाज बहुधा ८० डेसिबलच्या आसपास असतो. कुजबुजीएवढ्या आवाजात आपण ऐकतो ते करणाऱ्याने ऐकलेलं गाणं नव्हेच.

यातूनच एक फसवणूकही जन्मते. तेच गाणं एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठं वाजलं तर कानाला ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं. भरीव, स्वच्छ, जवळचं. म्हणून दोन स्पीकर ताडून बघायचे तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा लागतो. दुकानात तसं क्वचितच होतं, आणि जो जरा मोठा लावला तो विकला जातो. गेल्या काही दशकांत गाणी तयार करतानाच त्यातले हळू भाग वर दाबून सगळं एका पातळीला आणायची चढाओढ लागली, ती याच फसवणुकीच्या जोरावर.

इथवर मोठ्या आवाजाची बाजू झाली. आता भोंगा आणि डीजे शेजारी ठेवून बघू. दोन्ही मोठेच, पण त्यांचं मोठेपण एका जातीचं नाही. भोंग्याच्या कर्ण्यातून काहीशे हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेरच पडत नाही. माणसाचा गळा आणि शब्द ज्या पट्ट्यात असतात, तोच नेमका तो फेकतो. बिछायत केंद्रवाल्याने लग्नघरी कडुनिंबावर भोंगा टांगला की शिवारापलीकडच्या गावातही अंतरे पाठ व्हायचे. आवाज कर्कश असायचा, फाटायचाही. पण गाणं कळायचं. डीजेचं उलटं. तिथे पैसा आणि लाकूड दोन्ही बेसच्या पेट्यांत जातं. उंच स्वरांच्या पेट्या, म्हणजे टॉप, वर बसवतात, पण ते बेसच्या मेहेरबानीवर.

आणि बेस मेहेरबान नसतो. अमेरिकेतल्याच वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये दाखवलं होतं, की खालचा स्वर वरच्या स्वराला झाकतो, वरचा खालच्याला त्या मानाने फारच कमी. खालचा स्वर जितका मोठा, तितकी त्याची सावली वरच्या पट्ट्यात लांब पसरते. कारण अंतर्कर्णातल्या पडद्यावर खर्जाची लाट दूरच्या टोकापर्यंत जाते आणि वाटेत उंच स्वरांच्या जागा हलवत जाते. बेताच्या आवाजात हे त्रासदायक होत नाही. १०० डेसिबलच्या पुढे पहिले जातात ते स, श, च, त, क यांसारखे नाजूक घर्षणाचे आणि स्फोटाचे आवाज, म्हणजे शब्द ओळखण्याच्या खुणा. मग मुरकी, मग गळ्याचा पोत. उरतो तो ठेका, आणि आधीपासून पाठ असलेली एखादी ओळ.

डीजे मिक्समध्ये अंतरा का नसतो, याचं उत्तर मला इथे सापडतं. ते करणारी पोरं चांगल्या कानाची असतात. त्या आवाजात अंतरा पोचणारच नाही हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं, म्हणून ती तो कापतात. जे टिकतं तेवढंच ठेवतात आणि त्याला अजून बेस लावतात. काही वर्षं असंच ऐकलं की ऐकणाराही गाण्याकडून तेवढंच मागायला लागतो. शांत खोलीत पुरं गाणं लावलं तर ‘लांबलं’ म्हणतो.

नाचणाऱ्याचा आनंद मात्र खोटा नाही, हेही सांगायला हवं. मँचेस्टरच्या नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी २००० साली मांडलं, की साधारण ९० डेसिबलच्या वर गेलेल्या नाचाच्या संगीताला अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा एक भागही प्रतिसाद देतो. झोपाळ्यावर बसल्यावर जी हालचाल जाणवते, तिच्याशी याचं नातं. २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका खऱ्या मैफलीत कानाला जवळजवळ न कळणारा अतिखर्ज अधूनमधून चालू-बंद केला गेला. तो चालू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलले. डीजेपुढचा पोरगा गाणं ऐकत नसेल, पण संगीत त्याच्यात शिरतंय, हे नाकारता येणार नाही. फक्त ते कानाच्या दारातून कमी आणि अंगातून जास्त.

मोठा आवाज आपल्याला नवा थोडाच आहे? पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांत होळीला डफाभोवती गोल धरून लेंगी गाणी म्हणतात. तो डफ हळू नसतो. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की ढोल-डफडं कानठळ्या बसवतं. पण झडती म्हणणारा पुढे झाला की वाजवणारा हात थांबवतो. झडती म्हणजे सगळी करामत शब्दांची, कुणाला तरी काढलेला चिमटा. तो कळलाच नाही तर हसायचं कशाला? झडती संपली, लोकांनी ओरडून दाद दिली, की मग ढोल परत कडाडतो. मोठं आणि गप्प यांची पाळी तिथे ठरलेली आहे. वाजवणारा माणूस असल्याने तो दमतोही. यंत्र दमत नाही, आणि दाबून सपाट केलेल्या मिक्समध्ये कानाला उसंत मिळेल अशी फटही नसते. कडाडण्याआधीची शांतता काढून घेतली तर कडाडण्याची किंमत किती राहते?

शब्दांवर उभ्या असलेल्या संगीताचं एक उदाहरण याच जिल्ह्यातलं. आर्णीच्या सुधाकर कदम यांनी सुरेश भटांच्या गझला गाऊन मराठी गझलगायनाची वाट पाडली. गझलेच्या शेरात पहिली ओळ गाठ बांधते, दुसऱ्या ओळीतला काफिया ती सोडवतो. गायक पहिली ओळ फिरवून फिरवून गातो, उत्सुकता ताणतो, आणि मग तो एक शब्द टाकतो. त्या शब्दावर तबल्याच्या बायाँची सावली पडली तर दाद येत नाही, आणि दोष मात्र कवीच्या माथी. हल्ली छोट्या सभागृहातल्या गझलेच्या कार्यक्रमातही तबल्याला छातीत धडकेल एवढा बेस देतात. मला तो शुद्ध अत्याचार वाटतो.

यात साऊंडवाल्याच्या कानाचाही वाटा आहे, आणि तो त्या बिचाऱ्याला कळत नाही. तास-दोन तास मोठ्या आवाजात राहिलं की कान तात्पुरता बधिर होतो, आणि बधिरपणा सगळ्यात जास्त ४००० हर्ट्झच्या आसपास येतो. शब्दांची धार असते ती त्याच भागात. संध्याकाळी सातला नीट लावलेला आवाज नऊ वाजता त्याला मंद, गढूळ वाटू लागतो. तो टॉप वाढवतो. मग बेस कमी वाटतो, तो बेस वाढवतो. त्यात तो उभा असतो पेट्यांच्या मागे. बेस चारी दिशांना पसरतो, टॉप मात्र समोरच जातो, त्यामुळे गर्दी काय ऐकतेय हे त्याला तिथून कळतच नाही. रात्री दहाला पोलीस येतात. कायदा त्यांना एवढंच विचारायला सांगतो, की वाजले किती आणि आवाज शेजाऱ्यापर्यंत किती गेला. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. गाण्याचं काय झालं हे कायद्याच्या कक्षेत येत नाही.

मंडळांना करून बघण्यासारखं एक काम सांगतो. त्या रात्री अजून मिरवणुकीत न आलेल्या, ताज्या कानाच्या कोणाला तरी पेट्यांसमोर वीस-पंचवीस पावलांवर उभं करा. त्याला माहीत नसलेलं गाणं लावा. शब्द कळेपर्यंत फक्त बेस खाली आणायला सांगा, बाकी कशाला हात लावू नका. नाच थांबतो का, तेही बघा. घरी करायचं असेल तर आवडीचं गाणं बोलण्याच्या आवाजाएवढं लावून हळूहळू वाढवत जा. बायाँ कुठे भरतो आणि शब्द कुठे विरघळायला लागतात, या दोन जागा बटणावर पेन्सिलीने खूण करून ठेवा. तुमच्या खोलीत त्या गाण्याला राहायला जागा आहे ती या दोन खुणांच्या मध्ये.

(पुढच्या आठवड्यात : मिरवणुकीनंतर कानात वाजणारी शिट्टी कुठून येते, आणि ती कधी थांबत नाही.)