फुलाआधी पान

भाद्रपदात कास पठारावर सोनकी आणि कवळा एकाच वेळी फुलतात. लांबून पाहिलं तर सगळंच पिवळं. गुडघे टेकून जवळ गेलं, की सोनकीची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक वेगळं फूल असल्याचं दिसतं. मधल्या ठिपक्यातही इवली फुलं दाटलेली असतात. तिचं कूळ सूर्यफुलाचं. कवळा मात्र वाटाण्याच्या कुळातला, वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके मिरवणारा. पर्यटक त्याला मिकी माऊस म्हणतात. मला ते नाव रुचत नाही. आपल्याकडे कवळा हे नाव असताना उसनं कशाला?

त्याच्याच गोतातल्या कवळ्याची भाजी पावसाळ्यात कर्जत-मुरबाडच्या बाजारात येते. ठाकर-कातकरी बायका तिच्या जुड्या घेऊन बसतात. त्या ती खुडतात तेव्हा रोपावर एकही फूल नसतं. टाकळा, कुर्डू, भारंगी यांचंही तेच. रानफुलं ओळखण्यात माझ्या मते याच बायका सर्वांत तरबेज आहेत, कारण त्यांना पान कळतं.

आम्ही हौशी मंडळी नेमके इथे कमी पडतो. सुरुवातीची काही वर्षं मी फुलांचे समोरून सुरेख फोटो काढून आणत असे आणि घरी पुस्तक उघडल्यावर अडत असे. पानं समोरासमोर होती की एकाआड एक? खोड चौकोनी होतं का? देठावर लव होती? फोटोत यातलं काहीच नसे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यातलं कुठलंही वर्णन खोडापासून सुरू होतं, पानावर येतं आणि मग फुलाकडे वळतं. हा क्रम शिकण्यासारखा आहे.

कारवी तर हे सक्तीनंच शिकवते. ती सात वर्षांतून एकदा फुलते. मधल्या पावसाळ्यांत डोंगरउतारावर नुसती खरखरीत पानं. तिच्या काठ्यांवर कुडाच्या भिंती उभारणाऱ्यांना ती कुठल्याही महिन्यात ओळखू येते.

पानाइतकीच महत्त्वाची जागा. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, जांभ्याचा कातळ आणि त्यावर बोटभर माती. धो धो पावसात तिच्यातलं नत्र वाहून जातं. म्हणून तिथे कीटक खाणाऱ्या वनस्पती टिकतात. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं वर डोलत असतात आणि ओल्या मातीत त्यांच्या सूक्ष्म पिशव्या शिकार गिळत असतात. दवबिंदू ही वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांनी माश्या धरते. वायतुरा त्याच पठारांवरच्या उथळ डबक्यांत उगवतो; दोन फाट्यांचा तुरा हीच त्याची खूण. त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे. १९८२ साली त्याची नोंद करणाऱ्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव होते. म्हणजे इतकी वेगळी वनस्पती शास्त्राच्या वहीत येऊन अजून अर्धशतकही झालेलं नाही.

कास २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी वाढली. फुलांच्या गालिच्यात बसून फोटो काढून घेणारे पाहिले की पोटात तुटतं. बोटभर माती एकदा तुडवली गेली, की त्यातलं बी, कंद, त्या पिशव्या सगळंच चिरडतं. कंदीलपुष्पाचे कंद तर खाण्यासाठीही उकरले जातात.

पावसाळा सरला, की सडे वाळतात. तरीही एक चक्कर मारा. तेरड्याच्या उरल्यासुरल्या बोंडाला बोट लावा, ते फुटून बिया उडतील. वाळकी सोनकी, वाळका कवळा हातात न घेता, वाकून पाहा. आणि ज्येष्ठात, फुलांची बातमी यायच्या आधी, पुन्हा त्याच वाटेनं जा. पायवाट सोडू नका, काही उपटू नका, सोबत एक भिंग असू द्या.