न घेणाऱ्यांची बाजू

मंचर सोडून नारायणगावच्या दिशेने निघाले की पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना ढाबे, परमिट रूम आणि बिअर शॉपी दिसू लागतात. दोन पिढ्यांपूर्वी आंबेगाव-जुन्नरच्या गावांमध्ये दारूचे ठिकाण गावाच्या कडेला असे. ओढ्याकाठी काळा गूळ आणि नवसागर घालून लावलेली हातभट्टी, नाहीतर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतले देशीचे दुकान. पिणारा अंधार पडल्यावर तिकडे वळे आणि घरी परतताना वडीलधाऱ्यांची नजर चुकवी. आज त्याच घरातला नातू मित्रांबरोबर रस्त्यालगतच्या ढाब्यावर दिव्याच्या उजेडात बसतो आणि टेबलाचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवतो. या बदलाचे वर्णन बहुतेक जण ‘लोकांना लाज राहिली नाही’ एवढ्यावर आटोपतात. मला ते अपुरे वाटते. लाज कमी झाली हे खरे आहे, आणि त्यात थोडे चांगलेही झाले, कारण लपूनछपून पिणाऱ्याचे व्यसन घरच्यांना कळेपर्यंत यकृत गेलेले असे. माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वी दारू ही एका माणसाची सवय होती, आता ती चारचौघांत सामील होण्याची फी झाली आहे. ती फी न भरणाऱ्याची जी जागा जुन्या समाजाने राखली होती, ती नव्या समाजात उरलेली नाही.

जुना समाज दारूपासून दूर होता, असा गैरसमज नको. तसे असते तर महात्मा फुल्यांना पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये, शहरात वाढणाऱ्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लेखी हरकत घ्यावी लागली नसती. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात गुत्त्यांवर निरोधनही केले नसते. सत्यशोधक चळवळ जुन्नर तालुक्यात चांगली रुजली होती आणि दारू सोडणे हा तिच्या उपदेशाचा भाग होता. पुढे १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. सुधाकर आणि सिंधूची शोकांतिका सगळ्यांना आठवते, पण मला त्यातले तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ जास्त महत्त्वाचे वाटते. गडकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच दिसले होते की माणूस बाटलीपाशी एकटा जात नाही, त्याला मंडळी नेतात. त्या मंडळींना तोंड द्यायला या भागात एक हत्यार होते, ते म्हणजे गळ्यातली तुळशीची माळ. आळंदी जवळ, ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी. अशा मुलखात ‘मी माळकरी आहे’ एवढे म्हटले की विषय संपे. आग्रह करणाऱ्यालाच पाप लागेल अशी भीती असे. माळ घालून सुटलेले दारुडेही गावोगाव असत, आणि माळ काढून पुन्हा बाटली धरणाऱ्याला गाव नावे ठेवी. माळेमागच्या श्रद्धेबद्दल कोणाचे काहीही मत असो, नकार देणाऱ्याला त्यातून प्रतिष्ठा मिळत होती. शेजारच्याने घेतली तरी माळकऱ्याची पंगतीतली जागा हलत नसे.

मधल्या पिढीत सरकारने दारूचा प्रश्न कायद्याने सोडवायला घेतला. १९३९ मध्ये मुंबईत दारूबंदी आली, १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि १९५० पासून राज्यभर बंदी लागू झाली. बंदीने हातभट्टी फोफावली, म्हणून साठच्या दशकापासून ती सैल होत गेली आणि परवान्यावर पिण्याची सोय निघाली. ‘परमिट रूम’ हे नाव तिथूनच आले. तो कायदा आजही जिवंत आहे. कागदोपत्री महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, आणि टेबलावर बसलेल्यांपैकी बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. त्याच दशकांत इथले अर्थकारण पालटले. येडगाव, वडज, माणिकडोह आणि मागाहून डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी फिरले. ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो, द्राक्षे यांचा पैसा आला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले. मुंबईत माथाडी, डबेवाले म्हणून गेलेल्यांनी शहरातली रीत गावी आणली. शेतमालाची पट्टी हातात पडली की मित्रांना ‘बसवायचे’, ट्रॅक्टर घेतला की बसवायचे, निवडणूक लागली की उमेदवाराने रोज बसवायचे. आधी उत्सवाला दारू असे, मग दारूला उत्सव लागू लागला. चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आजच्या तरुणाने याला आठवड्याच्या सुट्टीचे वेळापत्रक दिले. हळदीच्या रात्री मंडपामागे वेगळी सोय करणे हा आता यजमानाच्या खर्चाचा ठरलेला आकडा आहे, आणि ती न करणाऱ्याला कंजूष म्हणतात.

अशा टेबलावर नकाराचे काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सहा जण बसलेले असतात, पाच जण मागवतात, सहावा ‘मला थम्सअप’ म्हणतो. पहिला प्रश्न येतो, ‘का रे, औषध चालू आहे का?’ म्हणजे न पिण्याला आजाराचेच कारण हवे. मग ‘एका बिअरने काय होतंय?’ मग ‘आमच्यासाठी घे.’ तरीही त्याने घेतली नाही, तर त्याच्यावर दोन शिक्के बसतात. चकणा संपवणारा तो, आणि शेवटी सगळ्यांना घरी सोडणारा तोच. बिल मात्र सहा भागांत. हे हसण्यावारी चालते, म्हणूनच त्याची ताकद कोणाच्या लक्षात येत नाही. विशीतल्या मुलाला हे तीन-चार वेळा सोसावे लागले की पाचव्या वेळी तो ग्लास उचलतो. त्याला दारूची चव आवडलेली नसते, त्याला मित्र हवे असतात.

‘एका बिअरने काय होतंय’ याचे उत्तर साध्या गुणाकाराने मिळते. आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँग असते. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीचे प्रमाण ४२.८ टक्के धरले तर साठचे दोन पेग म्हणजे ५१ मिलिलिटरच्या आसपास. ज्याला कोणी सकाळी दोन लार्ज पेग देऊ केले तर तो दचकेल, तोच माणूस दुपारी उन्हाचे म्हणून एक बाटली बिअर पिऊन मोटारसायकलला किक मारतो. शरीराला बाटलीचा आकार कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कुठलेही प्रमाण सांगता येत नाही, असे त्याच संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. ‘थोडी हृदयाला चांगली’ हा मधल्या पिढीचा लाडका आधार त्यामुळे डळमळला आहे.

आता या सगळ्या दबावाखालचा समज तपासू. टेबलावरच्या प्रत्येकाला वाटते की हल्ली सगळेच घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) वेगळे सांगते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के मद्य घेतात, स्त्रियांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. देशात पुरुषांचा आकडा १९ टक्क्यांच्या जवळ जातो. यावर लगेच हरकत येईल की घरी आलेल्या पाहणीवाल्याला खरे कोण सांगतो. हरकत रास्त आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यसनपाहणीत देशातल्या पुरुषांचे प्रमाण २७ टक्क्यांवर होते. तोच वरचा आकडा घ्या, हवे तर महाराष्ट्राचा आकडा दुप्पट करा, तरी न पिणारे पुरुष बहुसंख्यच राहतात. स्त्रिया मोजल्या तर प्रश्नच उरत नाही. जे अल्पसंख्य आहेत त्यांची रीत सगळ्या समाजाची रीत म्हणून चालते, कारण पिणारे एकत्र बसतात आणि दिसतात, न पिणारे आपापल्या घरी असतात. ‘एम्स’च्या पाहणीने आणखी एक गोष्ट दाखवली. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मद्यामुळे उपचाराची किंवा मदतीची गरज आहे, म्हणजे साधारण दर तिघांमागे एक. सहा जणांच्या टेबलावर पाच पिणारे असतील, तर हा हिशेब त्यांनी एकदा मनात करावा.

व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा मांडणारे विचारतील की सज्ञान माणसाने काय प्यावे हे तुम्ही कोण ठरवणार? मी ठरवत नाही. स्वातंत्र्याचीच कसोटी लावायची तर ती दोन्ही बाजूंना लावली पाहिजे. ज्या टेबलावर ‘हो’ला कारण लागत नाही आणि ‘नाही’ला डॉक्टरचा कागद लागतो, तिथे स्वातंत्र्य कोणाचे? ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत गेल्या वीसेक वर्षांत तरुणांचे पिणे कमी झाले आहे, आणि ते कायद्याच्या धाकाने झालेले नाही. तिथे कोरडा ग्लास घेऊन बसणे ही साधी गोष्ट झाली. आपल्याकडची नवी पिढी आधुनिक होण्यासाठी ज्या रीतीकडे धावते आहे, ती रीत मूळ घरीच जुनी होत चालली आहे.

दुसरी हरकत शेतकऱ्याच्या नावाने येते, आणि ती इथे विशेष जवळची आहे, कारण भारतीय वाइनच्या आधुनिक उद्योगाचा एक आरंभ जुन्नर तालुक्यातच झाला. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळत्या वाइनचा कारखाना काढला. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशी गेली. माळरानावर फ्रेंच जातीची द्राक्षे पिकवून जगाच्या बाजारात नेणे ही मोठीच गोष्ट होती. पुढे चौगुल्यांचा इंडेज समूह कर्जाखाली कोसळला आणि पुढाकार नाशिककडे गेला. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचे ठरवले तेव्हा द्राक्ष बागायतदाराचे हित पुढे केले गेले. शेजारच्या पारनेर तालुक्यातून अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. बागायतदाराच्या बाजूने एक प्रश्न विचारायला हवा. जुन्नरची बहुतेक बाग खाण्याच्या द्राक्षांची आहे, काळ्या जंबोची. वाइनच्या जाती वेगळ्या, त्यांचे करार वेगळे. सुपरमार्केटातल्या बाटलीने या बागायतदाराचा भाव वाढणार कसा? त्याला शीतगृह, वेळेवरचा विमा आणि निर्यातीची हमी हवी आहे. राज्याला हवा आहे महसूल, आणि तेही लपवण्याचे कारण नाही. जून २०२५ मध्ये मद्यावरचे कर वाढवताना १४ हजार कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा सरकारने सांगितली होती. त्याच निर्णयात देशी आणि विदेशी यांच्या मधली ‘महाराष्ट्र मेड लिकर’ ही नवी पायरी आली. १८० मिलिलिटरला देशी किमान ८० रुपये, ही नवी १४८, विदेशी २०५. आजोबा देशीवर, वडील मधल्या पायरीवर आणि मुलगा विदेशीवर, असा पिढ्यांचा जिनाच दरपत्रकात बांधलेला दिसतो. जिना चढणाऱ्याला आपण सुधारलो असे वाटते.

परंपरा म्हणून भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासींच्या मोहाच्या दारूचा दाखला काही जण देतात. तिथे देवाला धार घालून सगळ्यांनी घेण्याला विधीची वेळ आणि मर्यादा असे. ढाब्यावरच्या शनिवाराला ती परंपरा जोडणे म्हणजे त्या लोकांवर अन्याय आहे, आणि गाळीव देशीने त्यांच्या वाड्यांची जी दैना केली तिच्यावर पांघरूणही.

मग बंदी हवी का? वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. ज्या गावात बायकांनी मागणी केली तिथे दुकान हटायलाच हवे, असे मला ठामपणे वाटते. ‘आडवी बाटली-उभी बाटली’च्या मतदानाचा २००८ चा नियम त्या दृष्टीने मोलाचा आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, पडावी लागतात, म्हणजे कांदा काढणीला गेलेली, मुंबईला मुलाकडे राहणारी, दमलेली अशी प्रत्येक गैरहजर बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते. हा नियम बदलून झालेल्या मतदानावर निकाल लावला पाहिजे. तरीही मतदान दुकानापुरते. हळदीच्या मंडपामागची सोय, मंडळाच्या वर्गणीतली बाटली, साहेबांच्या फार्महाउसवरची बैठक यांना मतपेटी पोचत नाही. तिथला निर्णय यजमानाचा असतो. लग्नघरच्या काकांनी ‘आमच्याकडे ही सोय नाही’ असे पाहुण्यांना आधीच कळवले, बढतीची पार्टी देणाऱ्याने जेवणाचेच आमंत्रण दिले, टेबलावरच्या सर्वांत थोरल्याने ‘त्याला आग्रह करू नका’ म्हटले, तर त्या विशीतल्या मुलाला गळ्यात माळ नसतानाही थम्सअप मागवता येईल, आणि कोणी त्याला औषधाचे विचारणार नाही.